दयेचा अर्ज : आष्टी-चिमूरच्या फाशा कशा टळल्या

वाणगाव-बोईसरकडून कामानिमित्त पालघरला जाणाऱ्याला पाचबत्तीचा चौक वेगळा दाखवावा लागत नाही. 'पाचबत्तीला उतरतो', 'पाचबत्तीला थांब' हे रोजचे बोलणे. तिथल्या हुतात्मा स्तंभामागचा इतिहास मात्र १४ ऑगस्ट १९४२ चा आहे. 'चले जाव'च्या हाकेनंतर सहाव्या दिवशी पालघरच्या कचेरीवर मोर्चा आला, पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण गेले : सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी, पालघरचे रामप्रसाद तिवारी आणि सालवडचे सुकुर मोरे. सालवड आज तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला खेटून आहे.

दोनच दिवसांनी, १६ ऑगस्टला, राज्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी दोन गावे पेटली. चांदा जिल्ह्यातले चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातले आष्टी. तिथेही मोर्चे निघाले, तिथेही गोळ्या सुटल्या आणि माणसे पडली. पण तिथे जमाव मागे हटला नाही. चिमूरला प्रांताधिकारी डुंगाजी आणि नायब तहसीलदार सोनवणे यांच्यासह चार सरकारी नोकर मारले गेले. आष्टीला ठाणेदार रामनाथ मिश्रा आणि त्यांचे शिपाई मारले गेले. पालघरात गोष्ट गोळीबारापाशी थांबली होती. चिमूर-आष्टीत ती धरपकड, खटला आणि फाशीच्या शिक्षांपर्यंत गेली. मग सुरू झाली या फाशा रद्द व्हाव्यात म्हणून केलेली तीन वर्षांची खटपट. महाराष्ट्रात लोकांनी मिळून मागितलेल्या दयेचे हे सर्वांत मोठे यशस्वी उदाहरण म्हणता येईल. ते यश कशामुळे आले, हे पाहण्यासारखे आहे, कारण दयेच्या अर्जांबद्दलचे आपले बरेच समज त्यात तपासून निघतात.

नागपंचमीचा दिवस

१६ ऑगस्ट १९४२ हा रविवार होता आणि त्या दिवशी नागपंचमी होती. चिमूर हे बालाजीच्या घोडायात्रेमुळे प्रसिद्ध असलेले गाव. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीभजनांनी हा सारा मुलूख आधीच भारलेला होता. सकाळी प्रभातफेरी निघाली, गोळीबार झाला, त्यात बालाजी रायपूरकर हा पोरसवदा मुलगा ठार झाला आणि त्यानंतर गाव आवरले नाही. महिना संपायच्या आत तुकडोजी महाराजांनाही अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले.

काही दिवसांत फौज चिमुरात शिरली. पुरुष एकतर पकडले गेले होते किंवा रानात पळाले होते. घरात राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या. डॉ. बा. शि. मुंजे हे काही काँग्रेसवाले नव्हते. पण चिमूरला जाऊन आल्यावर त्यांनीही चौकशीची मागणी केली. सरकारने ती मानली नाही.

पुढे दयेची जी मोहीम झाली, तिची पायाभरणी या नकाराने केली. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी यांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये दिल्लीत उपोषण सुरू केले. त्यासाठी जागा निवडली लोकनायक बापूजी अण्यांच्या घराची. अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते आणि स्वतः विदर्भातले होते. आपल्या मुलखातल्या बायकांच्या तक्रारीची चौकशी होत नसेल, तर तुमचे सभासदत्व काय कामाचे, असा तो मूक सवाल होता. भन्साळींना दिल्लीतून हलवले, सेवाग्रामला आणले. तिथून ते पायी चिमूरकडे निघाले, त्यांना परत आणले, तरी उपोषण चालूच राहिले.

सरकारने त्या उपोषणाच्या बातम्या छापायला बंदी घातली. ही चूक सरकारला महागात पडली. संपादकांच्या अखिल भारतीय परिषदेने हाक दिली आणि ६ जानेवारी १९४३ ला देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी एक दिवस अंकच काढले नाहीत. चिमूर कुठे आहे हे ज्यांना माहीत नव्हते, त्यांनाही वर्तमानपत्र न आल्यामुळे चिमूर कळले. ६३ दिवसांनी, १२ जानेवारीला, उपोषण सुटले. चौकशी हवी तशी झाली नाही. पण दयेचा अर्ज ज्या हातांत पडायचा होता, त्या हातांना चिमूर हे नाव आता चांगलेच ठाऊक झाले होते.

जमावात घाव कोणाचा?

खटल्याकडे वळण्याआधी कायद्याची एक गाठ सोडवून घेतली पाहिजे. शेकडो लोकांच्या जमावात एक माणूस मरतो. काठी कोणाची बसली, दगड कोणी घातला, हे धुरात आणि धावपळीत कोण सांगणार? भारतीय दंड संहितेच्या कलम १४९ ने यावर एक सोपा तोडगा काढला होता. बेकायदा जमावाच्या समान उद्देशासाठी गुन्हा घडला, तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा दोषी. आजच्या भारतीय न्याय संहितेतही हे तत्त्व कलम १९० मध्ये आहे.

याचा अर्थ असा की, 'हा तिथे होता' एवढे एखाद्या साक्षीदाराने सांगितले आणि ते कोर्टाला पटले, तर माणूस फाशीच्या तख्तापर्यंत जाऊ शकतो. १९२२ च्या चौरीचौरा प्रकरणात नेमके हेच झाले. सत्र न्यायालयाने एकदम १७२ जणांना फाशी सुनावली. पंडित मदनमोहन मालवीय अलाहाबाद उच्च न्यायालयात उभे राहिले आणि फाशीचा आकडा १९ वर आला. तेच पुरावे, तेच साक्षीदार, तरी दीडशेहून अधिक माणसांचा जीव वाचला. जमावाच्या खटल्यात पहिला निकाल किती ढोबळ असू शकतो, याचा याहून मोठा दाखला नाही.

आष्टी-चिमूरच्या खटल्यांना आणखी एक पैलू होता. जानेवारी १९४२ मध्ये जपानी आक्रमणाच्या धास्तीने सरकारने विशेष फौजदारी न्यायालयांचा वटहुकूम काढला होता. नेहमीची अपिले त्यात बंद होती. फाशीसारख्या शिक्षेचीही फक्त फेरतपासणी होई आणि ती करणारा न्यायाधीश सरकार नेमी. परकीय हल्ल्यासाठी बनवलेले हे हत्यार ऑगस्टनंतर आपल्याच लोकांवर चालवले गेले. आष्टी आणि चिमूरच्या कितीतरी माणसांना फाशीच्या आणि जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या.

मात्र ४ जून १९४३ ला दिल्लीच्या फेडरल कोर्टाने हा वटहुकूमच अवैध ठरवला. सरकारने दुसऱ्याच दिवशी नवा वटहुकूम काढून झालेल्या शिक्षा सावरल्या. पण तसे करताना त्या शिक्षा नेहमीच्या सत्र न्यायालयाने दिल्या आहेत असे धरावे लागले आणि त्यामुळे अपिलाचे दार उघडले. पुढे नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने फेडरल कोर्टाचा निकाल फिरवला. तोवर दीड वर्ष निघून गेले होते. फाशीच्या कोठडीत बसलेल्याच्या दृष्टीने दीड वर्ष म्हणजे अर्धी सुटका.

अनसूयाबाईंची संस्था

नागपुरात या कैद्यांसाठी एक संस्था उभी राहिली. नाव इंग्रजी, कॅपिटल पनिशमेंट रिलीफ सोसायटी. तिच्या अध्यक्ष होत्या अनसूयाबाई काळे. १९३७ नंतर मध्य प्रांताच्या विधानसभेच्या त्या उपाध्यक्ष होत्या आणि स्वातंत्र्यानंतर नागपुरातून लोकसभेवर निवडून गेल्या. त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा आढावा घेताना आष्टी-चिमूरच्या कैद्यांचे प्राण वाचवल्याचा उल्लेख हमखास होतो.

फाशीच्या कैद्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला काय काय करावे लागते, हे भाषणांतून कळत नाही. निकालपत्राच्या प्रती मिळवायच्या. साक्षी वाचून कोणाविरुद्ध पुरावा दुबळा आहे, कोण अल्पवयीन आहे, कोणाला नुसत्या ओळखीवर शिक्षा झाली, हे निवडायचे. वकील मिळवायचे, लंडनला धाव घ्यायची तर तिथला खर्च उभा करायचा. घरच्यांना गाठून त्यांच्या सह्या-अंगठे घ्यायचे. तार, निवेदन, शिष्टमंडळ ही लोकांना दिसणारी बाजू झाली. खरे काम फायलीचे. आणि हे सगळे फाशीची तारीख लागण्याआधी करायचे.

उच्च न्यायालयात काहींच्या शिक्षा उतरल्या, काहींच्या फाशा कायम राहिल्या. लंडनचा दरवाजाही बंद झाला. आता उरला दयेचा अर्ज. तो वाचणारे दोनच जण होते आणि दोघेही इंग्रज. काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये राजीनामा दिल्यापासून मध्य प्रांतात राज्यपालांचा एकछत्री कारभार होता. गव्हर्नर हेन्री ट्वायनॅम. त्यांच्या वर व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल. फाशी माफ करण्याचा किंवा सौम्य करण्याचा अधिकार १९३५ च्या कायद्याने गव्हर्नर जनरलच्या हाती स्वतंत्रपणे दिलेला होता. मंत्र्यांचा सल्ला नाही, विधिमंडळ नाही. लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस या साखळीत नव्हता. म्हणून लोकांना बाहेरून दार ठोठावावे लागले.

१९४५ मध्ये गांधीजींनीही या फाशा थांबवाव्यात असे जाहीरपणे म्हटले. त्यांची भूमिका नाजूक होती. हिंसा त्यांना मान्य नव्हती, मारले गेलेले अधिकारी आणि शिपाई हे या देशातलेच लोक होते, त्यांनाही घरेदारे होती. पण खून झाला हे कबूल करूनही फाशी नको म्हणता येते. दयेच्या अर्जाचे मर्म इथेच आहे. अपील म्हणते, निकाल चुकला. दयेचा अर्ज म्हणतो, निकाल बरोबर असेल, तरी ही शिक्षा अमलात आणू नका.

त्या वर्षाचा क्रम पाहिला तर अर्जाला बळ कुठून मिळाले ते दिसते. मे महिन्यात युरोपातले युद्ध संपले. जूनमध्ये काँग्रेसचे नेते तुरुंगातून सुटले आणि वेव्हेलने सिमल्याला परिषद बोलावली. जुलैच्या मध्यात ती फसली. जुलैअखेर ब्रिटनमध्ये मजूर पक्ष निवडून आला. ऑगस्टच्या मध्यात जपानने शरणागती पत्करली. ज्या युद्धाच्या नावावर विशेष न्यायालये आली, ते युद्धच उरले नाही. पुढे निवडणुका आणि वाटाघाटी दिसत होत्या. अशा वेळी विदर्भातल्या शेतकऱ्यांना फासावर चढवून पुन्हा आग लावण्यात शहाणपण नव्हते. त्याच ऑगस्टमध्ये वेव्हेलने आष्टी-चिमूरच्या फाशा जन्मठेपेवर आणल्या. १९४६ साली प्रांतात लोकांचे सरकार आले आणि कैद्यांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला.

सह्यांचा ढीग आणि घड्याळ

लोकांनी जोर लावला की फाशी टळते, असा यातून निष्कर्ष काढायचा मोह होतो. इतिहास तो काढू देत नाही.

सोलापूरचे उदाहरण घ्या. मे १९३० मध्ये मंगळवार पेठेच्या चौकीत दोन पोलिस जळून मेले. मार्शल लॉ आला, खटला झाला. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना वाचवण्याचे सगळे प्रयत्न फोल ठरले. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघे फासावर गेले. गोळीबार, खवळलेला जमाव, पोलिसांचे मृत्यू, हे सगळे चिमूरसारखेच. पण घटनेपासून फाशीपर्यंत आठ महिने. सरकार आपल्या ताकदीबद्दल निःशंक होते आणि तडजोड अजून दृष्टिपथात नव्हती. गांधी-आयर्विन करार व्हायला अजून दोन महिने जायचे होते.

इंग्लंडमध्ये १९२३ साली एडिथ थॉम्प्सन आणि फ्रेडरिक बायवॉटर्स यांच्या फाशीविरुद्ध सुमारे दहा लाख सह्या जमल्याचे सांगतात. दोघांनाही ९ जानेवारीला फाशी झाली. १९१६ मध्ये आयरिश नेते रॉजर केसमेंट यांच्यासाठी आर्थर कोनन डॉयल यांनी मोठमोठ्या लेखकांच्या सह्या गोळा केल्या, तेव्हा सरकारने केसमेंटच्या खाजगी डायऱ्यांतली पाने वजनदार लोकांना गुपचूप दाखवली. पाहता पाहता सहानुभूती ओसरली. अर्ज फेटाळण्याआधी अर्जदारांनाच फोडायचे, ही युक्ती इतकी जुनी आहे.

म्हणजे सह्या मोजून काही ठरत नाही. आष्टी-चिमूरला फरक पडला तो काळामुळे. वटहुकूम रद्द झाला, अपिले झाली, उपोषण झाले, लंडनला खेटे झाले. यांतल्या एकाही गोष्टीने माणसे सुटली नाहीत. प्रत्येकीने थोडा थोडा वेळ मिळवून दिला आणि त्या वेळात राज्यकर्त्याची गरज बदलली. १९४३ मध्ये फाशी देणे सरकारला सोयीचे होते, १९४५ मध्ये ते गैरसोयीचे झाले. लोकांच्या अर्जाने हृदयपरिवर्तन होते असे मानण्यापेक्षा, ती सोय-गैरसोय बदलेपर्यंत माणूस जिवंत ठेवायला त्याची मदत होते, असे मानणे जास्त खरे आहे.

न मागणाऱ्यासाठी मागणे

दयेच्या अर्जात आणखी एक पेच असतो. ज्याच्यासाठी मागायचे, त्याला ती हवी असतेच असे नाही. खेडचे शिवराम हरी राजगुरू आणि त्यांचे साथी भगतसिंग व सुखदेव यांनी पंजाबच्या गव्हर्नरला लिहिले ते, आम्हाला युद्धकैदी माना आणि फासाऐवजी गोळ्या घाला, असे. त्याच सुमारास बाहेर मात्र त्यांच्यासाठी अर्ज, सभा, तारा यांचा पाऊस पडत होता. मालवीयांनी १४ फेब्रुवारी १९३१ ला व्हाइसरॉयला तार केली. गांधीजींनी २३ मार्चच्या सकाळी शेवटचे पत्र लिहिले. त्याच संध्याकाळी लाहोरला तिघांना फाशी झाली. कैद्याचा बाणा आणि त्याला वाचवू पाहणाऱ्यांची विनवणी, दोन्ही आपापल्या जागी खरी होती.

उलट टोकाचे उदाहरण १९४९ चे. गांधीजींच्या खुन्यांना फाशी देऊ नये, अशी विनंती करणाऱ्यांत गांधीजींचेच पुत्र मणिलाल आणि रामदास होते. नथुराम गोडसेच्या कृत्याबद्दल त्यांना कणव असण्याचे कारणच नव्हते. फाशी ही शिक्षाच वडिलांच्या विचारात बसत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. ते मानले गेले नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्यात गोडसे आणि त्याचा साथीदार आपटे यांना फाशी झाली.

२०१५ मध्ये याकूब मेमनसाठी माजी न्यायाधीश, खासदार, कलावंत अशा अनेकांनी राष्ट्रपतींकडे अर्ज केला, तेव्हा हीच चर्चा पुन्हा उसळली. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली होती आणि त्यांच्या घरच्यांच्या दुःखाचे काय, हा प्रश्न रास्तच होता. सर्वोच्च न्यायालय पहाटेपर्यंत बसले, अर्ज फेटाळला गेला आणि ३० जुलैला नागपुरात फाशी झाली. गुन्हा जितका भयंकर, तितका अर्जदारांवर 'तुम्ही कोणाच्या बाजूचे?' हा सवाल मोठा. आष्टी-चिमूरच्या वेळी हा सवाल सोपा होता, कारण लोकमत एका बाजूला होते आणि सरकार परके होते. स्वातंत्र्यानंतर दया मागणाऱ्याला आपल्याच शेजाऱ्याच्या नजरेला नजर द्यावी लागते.

आज दार कुठे आहे

आता दयेचा अधिकार घटनेत आहे. राष्ट्रपतींना कलम ७२ ने, राज्यपालांना कलम १६१ ने. दोघेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणजे ट्वायनॅम-वेव्हेलच्या साखळीत नसलेला निवडून आलेला माणूस आता तिथे बसला आहे. गृहखाते असा अर्ज तपासताना काय पाहते, तेही ठरलेले आहे : आरोपीचे वय, लिंग, मानसिक अवस्था, पुराव्याबद्दल शंका, न्यायाधीशांमध्ये मतभेद, खालच्या कोर्टाने सोडलेल्याला वरच्या कोर्टाने शिक्षा दिली का, नवा पुरावा, तपासाला आणि खटल्याला झालेला उशीर. चौरीचौरा आणि चिमूरच्या वकिलांना ही यादी अनोळखी वाटली नसती.

उशिराला तर न्यायालयाने स्वतंत्र वजन दिले आहे. जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ जणांची फाशी जन्मठेपेवर आणली, त्यांत बहुतेकांचे कारण दयेच्या अर्जावर सरकारने लावलेला अकारण उशीर हेच होते. अर्ज फेटाळल्याचे कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस गेले पाहिजेत, असेही तिथेच ठरले. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये याच कारणावरून रद्द केली. त्यांच्यासाठी कोणी मोर्चे काढले नव्हते. फाईल पडून राहिली, एवढेच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या उशिराला आळा घालायचे ठरवले. कलम ४७२ म्हणते, दयेचा अर्ज कैद्याने, त्याच्या वारसाने किंवा अन्य नातेवाइकाने करायचा. अपील फेटाळल्याचे तुरुंगाच्या अधीक्षकाने कळवल्यापासून ३० दिवसांत. आधी राज्यपालांकडे, आणि तिथे नकार मिळाला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. त्यांच्या निर्णयावर अपील नाही.

लांबलेली टांगती तलवार नको, हा हेतू चांगला. पण या कलमात शेजाऱ्याचे, संस्थेचे, अनोळखी नागरिकाचे नाव नाही. पत्र लिहायला, सभा घ्यायला बंदी नाही. फक्त कायद्याने दखल घ्यायचा अर्ज घरच्यांचाच. आणि फाशीच्या कोठडीत बहुधा गरीब माणूस असतो. महिनाभरात निकालपत्र मिळवणे, ते वाचून घेणे, वय किंवा मनोविकाराचे कागद गोळा करणे, हे त्याच्या घरच्यांना एकट्याने झेपणारे नाही. नागपूरच्या संस्थेने जे काम केले, त्याची गरज म्हणून कमी झालेली नाही, फक्त त्याची वेळ अलीकडे सरकली आहे. आष्टी-चिमूरला तीन वर्षे मिळाली होती. आज ज्याला कोणाचा फास अडवायचा असेल, त्याने खटला खालच्या कोर्टात चालू असतानाच फाईल हातात घ्यायला हवी.